सायपॅक्ट: एका राज्याच्या लायसन्सवर दुसऱ्या राज्यातल्या क्लायंटशी सेशन कसं करायचं

समजा, न्यू जर्सीत प्रॅक्टिस करणाऱ्या मराठी सायकॉलॉजिस्टला जॉर्जिया राज्यातल्या अटलांटाहून फोन येतो. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेली आई नीट झोपत नाही, खात नाही आणि मनातलं मराठीतच सांगू शकते. अटलांटात मराठी बोलणारं कोणी सापडत नाही. व्हिडिओवर सेशन करता येईल का? कॉम्प्युटरच्या दृष्टीने प्रश्नच नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र जॉर्जियात बसलेल्या माणसावर उपचार करायचे तर जॉर्जियाची परवानगी लागते, कारण अमेरिकेत सायकॉलॉजिस्टचं लायसन्स देशाचं नसतं. प्रत्येक राज्याचं बोर्ड आपापलं लायसन्स देतं. पूर्वी या एका आईसाठी जॉर्जियाचं पूर्ण लायसन्स काढावं लागलं असतं. सायपॅक्ट या आंतरराज्य करारामुळे आता तशी गरज राहिलेली नाही.

हा करार असोसिएशन ऑफ स्टेट अँड प्रोव्हिन्शियल सायकॉलॉजी बोर्ड्स, म्हणजे एएसपीपीबी या संस्थेने तयार केला. सात राज्यांनी तो कायदा म्हणून मंजूर केल्यावरच तो लागू होणार होता. एप्रिल २०१९ मध्ये जॉर्जिया सातवं राज्य ठरलं आणि जुलै २०२० पासून अर्ज घेणं सुरू झालं. आज चाळीसहून अधिक राज्यं त्यात आहेत. न्यू जर्सी, टेक्सस, इलिनॉय, पेनसिल्व्हेनिया, जॉर्जिया, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, वॉशिंग्टन आणि फ्लोरिडा त्यात आहेत. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क २०२४ संपेपर्यंत बाहेर होते, आणि मराठी कुटुंबांच्या दृष्टीने ही दोन मोठी भोकं आहेत. करार चालवणाऱ्या सायपॅक्ट कमिशनच्या संकेतस्थळावर सदस्य राज्यांचा नकाशा असतो. नवा क्लायंट घेण्याआधी दर वेळी तो उघडून पाहा. नकाशात ‘कायदा मंजूर’ आणि ‘अंमल सुरू’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विधेयकावर सही झाली म्हणून दुसऱ्या दिवशी सेशन सुरू करता येत नाही, अंमलाची तारीख उजाडावी लागते.

कोण कुठे बसलंय

करारात राज्यांना तीन नावं दिली आहेत. तुमचं लायसन्स ज्या राज्याचं, ते होम स्टेट. व्हिडिओवरचा क्लायंट ज्या राज्यात बसलाय, ते रिसीव्हिंग स्टेट. आणि तुम्ही स्वतः प्रवास करून जिथे समोरासमोर काम करायला जाता, ते डिस्टंट स्टेट. नावं विसरलात तरी चालेल, पण एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा: सेशन चालू असताना दोघंही प्रत्यक्ष कुठे आहेत, यावर सगळं ठरतं. घरचा पत्ता, ड्रायव्हिंग लायसन्स, फोनचा एरिया कोड, व्हिसा यांपैकी काहीही इथे मोजत नाही. अटलांटात मुलाकडे पाहुणी म्हणून आलेली आई जॉर्जियाची रहिवासी नाही, तरी त्या घडीला ती जॉर्जियात आहे. एवढं पुरतं.

क्लायंटची जागा बहुतेकांच्या लक्षात असते. आपली स्वतःची जागा मात्र हमखास विसरली जाते. व्हिडिओ सेशन करताना तुम्ही होम स्टेटमध्ये, म्हणजे जिथलं लायसन्स तुमच्याकडे आहे अशा सायपॅक्ट राज्यात, प्रत्यक्ष हजर असावं लागतं. जर्सी सिटीत राहून हडसन नदीपलीकडे मॅनहॅटनच्या ऑफिसात बसणाऱ्या सायकॉलॉजिस्टचंच घ्या. लायसन्स न्यू जर्सीचं आहे आणि क्लायंट टेक्ससमध्ये आहे. जर्सी सिटीतल्या घरातून केलेलं सेशन करारात बसतं. तेच सेशन मॅनहॅटनच्या ऑफिसातून केलं तर बसत नाही, कारण न्यूयॉर्क करारात नाही. सुट्टीवर फ्लोरिडाला गेलात, तर फ्लोरिडा करारात असूनही ते तुमचं होम स्टेट होत नाही, कारण तिथलं लायसन्स तुमच्याकडे नाही. आणि डिसेंबरात पुण्याला गेलात, तर पुण्यातून अमेरिकेतल्या क्लायंटशी सायपॅक्टच्या आधारावर बोलता येत नाही. सायपॅक्ट घेतलं की लॅपटॉप घेऊन कुठूनही काम करता येईल, या समजुतीनेच सर्वांत जास्त नुकसान होतं.

उलट, कनेटिकटमधला क्लायंट गाडी चालवत तुमच्या न्यू जर्सीच्या ऑफिसात आला, तर सायपॅक्टचा संबंधच येत नाही. दोघंही न्यू जर्सीत आहात आणि तुमचं नेहमीचं लायसन्स पुरतं. तसंच, तुमच्याकडे न्यूयॉर्कचंही लायसन्स असेल तर न्यूयॉर्कमधल्या क्लायंटसाठी तेच वापरायचं. सायपॅक्ट हे असलेल्या लायसन्सच्या जोडीला घ्यायचं असतं, त्याच्या जागी नाही.

जोडप्यांबरोबर आणि कुटुंबांबरोबर काम करणाऱ्यांनी आणखी एक हिशेब ठेवायचा. बायको न्यू जर्सीत, नवरा कामासाठी चार दिवस सॅन होजेला आणि दोघं एकाच व्हिडिओ कॉलवर, असं असेल तर स्क्रीनवरच्या प्रत्येक माणसाची जागा वेगळी तपासावी लागते. नवरा कॅलिफोर्नियात असल्यामुळे ते सेशन करारात बसत नाही. तो परत येईपर्यंत थांबा.

दोन परवानग्या

व्हिडिओ किंवा फोनवरच्या कामासाठी एपीआयटी ही परवानगी लागते. ती मिळण्याआधी एएसपीपीबीचं ई-पासपोर्ट नावाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. समोरासमोरच्या तात्पुरत्या कामासाठी टीएपी लागते, आणि तिच्याआधी आयपीसी नावाचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्र एएसपीपीबी देते आणि परवानगी सायपॅक्ट कमिशन देतं. ई-पासपोर्ट मिळाला म्हणजे काम झालं असं समजून बरेचजण तिथेच थांबतात. कमिशनकडून एपीआयटी हातात पडेपर्यंत एकही सेशन करू नका.

टीएपी प्रत्येक डिस्टंट स्टेटसाठी कॅलेंडर वर्षात ३० दिवसांपर्यंत चालते. दिवसाचा कुठलाही भाग कामात गेला तर तो पूर्ण दिवस मोजला जातो, म्हणजे कोर्टात अर्ध्या तासाची साक्ष दिली तरी एक दिवस संपला. शाळकरी मुलाची समोर बसून चाचणी घेणं, कोर्टाचं मूल्यमापन, आपत्तीनंतरची मदत अशा कामांसाठी टीएपी उपयोगी आहे. दर आठवड्याला दुसऱ्या राज्यात ऑफिस उघडून बसायचं असेल तर तिथलं पूर्ण लायसन्सच काढावं लागेल. पुढे मुख्यतः एपीआयटीबद्दल लिहिलं आहे, कारण बहुतेकांना तीच हवी असते.

पैसे भरण्याआधी काय तपासायचं

पहिली गोष्ट तुमचा पेशा. सायपॅक्ट फक्त डॉक्टरेट असलेल्या आणि स्वतंत्रपणे प्रॅक्टिस करायचं लायसन्स मिळालेल्या सायकॉलॉजिस्टसाठी आहे. प्रोफेशनल काउन्सेलर, सोशल वर्कर आणि स्कूल सायकॉलॉजिस्ट यांचे वेगळे करार आहेत, सायकिॲट्रिस्टांचाही डॉक्टरांसाठीचा वेगळा करार आहे. तुमच्या हाताखाली शिकणारे, अजून लायसन्स नसलेले प्रशिक्षणार्थी तुमच्या एपीआयटीवर दुसऱ्या राज्यातल्या क्लायंटला पाहू शकत नाहीत, तुम्ही शेजारी बसलात तरीही. काही राज्यांत सायकॉलॉजिस्टला औषधं लिहायचा अधिकार असतो. तो अधिकार करारामार्फत राज्याबाहेर जात नाही.

दुसरी गोष्ट डिग्री. डॉक्टरेट देणारा अभ्यासक्रम तुम्ही डिग्री घेतलीत त्या वेळी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने मान्य केलेला होता का, हे बघा. आज मान्यता आहे एवढ्यावर जाऊ नका. नवीन अभ्यासक्रमांच्या पहिल्या तुकड्या मान्यता मिळण्याआधी बाहेर पडलेल्या असतात आणि अडचण तिथेच येते. परदेशी डिग्री असेल तर कराराच्या मजकुरात दार पूर्ण बंद नाही. परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या संस्थांच्या एनएसीईएस या संघटनेच्या सदस्य संस्थेकडून समकक्षतेचा दाखला घ्यावा लागतो. पण भारतातलं क्लिनिकल सायकॉलॉजीतलं एम.फिल. कितीही कसून केलेलं असलं तरी ती डॉक्टरेट नाही. त्या जोरावर अर्ज केला तर पैसे वाया जातील.

तिसरी गोष्ट ईपीपीपी, म्हणजे सायकॉलॉजिस्टच्या लायसन्ससाठी द्यावी लागणाऱ्या परीक्षेचे गुण. ई-पासपोर्टसाठी ५०० किंवा त्याहून अधिक स्केल्ड स्कोअर लागतो. काही राज्यांनी एकेकाळी याहून कमी गुणांवर लायसन्स दिलं आहे. लायसन्स आहे म्हणजे गुण पुरेसे असतीलच, असं धरून चालू नका. जुने गुण मागवून बघा.

चौथी गोष्ट, लायसन्सवर कुठल्याही राज्यात कधी शिस्तभंगाची नोंद झाली आहे का. पंधरा वर्षांपूर्वी कन्टिन्युइंग एज्युकेशनचे, म्हणजे लायसन्स टिकवण्यासाठी करत राहायच्या शिक्षणाचे, तास कमी पडल्याबद्दल झालेला किरकोळ दंडही नोंद असू शकतो. अशी नोंद असेल तर ती लपवू नका आणि गृहीतही धरू नका. अर्ज करण्याआधी एएसपीपीबीला लेखी विचारा.

अर्जाचा क्रम

एएसपीपीबीच्या ऑनलाइन पोर्टलवर खातं उघडा. नाव लायसन्सवर जसं आहे तसंच लिहा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या किंवा वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून लावणाऱ्या मराठी अर्जदारांच्या ट्रान्स्क्रिप्टवर एक नाव असतं, लायसन्सवर दुसरं आणि परीक्षेच्या नोंदीत तिसरं. अर्ज तिथेच अडकून पडतो. नावबदलाचा कागद सुरुवातीलाच जोडा.

ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडून थेट एएसपीपीबीला जायला हवं. तुमच्या ड्रॉवरमधली प्रत स्कॅन करून पाठवली तर ती धरत नाहीत. सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो, म्हणून अर्ज भरायच्या आधीच ट्रान्स्क्रिप्टची मागणी नोंदवा. मग ईपीपीपीचे गुण जोडा, प्रत्येक लायसन्सची माहिती भरा (बंद पडलेलीसुद्धा) आणि जाहीरनाम्यांवर सही करा.

ई-पासपोर्टच्या अर्जाचं शुल्क ४०० डॉलर आणि एपीआयटीचं ४० डॉलर आहे. पुढे दर वर्षी नूतनीकरणाला अनुक्रमे १०० आणि २० डॉलर लागतात. आयपीसीला २०० आणि टीएपीला ४० डॉलर लागतात. शुल्क बदलू शकतं, तेव्हा भरायच्या दिवशी पोर्टलवरचा आकडाच खरा माना. एका परवानगीत सगळी सायपॅक्ट राज्यं येतात, राज्यागणिक वेगळे पैसे पडत नाहीत. तरीही वर्षाकाठी दुसऱ्या राज्यातला एखादाच क्लायंट येत असेल, तर त्या राज्याच्या बोर्डाची तात्पुरत्या प्रॅक्टिसची तरतूद आधी बघा.

एपीआयटी मिळाल्यावर कमिशनच्या निर्देशिकेत आपलं नाव शोधा. क्लायंट, विमा कंपनी किंवा दुसऱ्या राज्याचं बोर्ड तुम्हाला तिथेच तपासणार आहे. वेबसाइटवर ‘टेक्ससमध्ये लायसन्स’ असं लिहू नका, कारण ते खरं नाही. ‘सायपॅक्टअंतर्गत टेक्ससमधल्या क्लायंटना टेलिसायकॉलॉजी सेवा’ असं लिहा.

कायदा क्लायंटच्या राज्याचा

रिसीव्हिंग स्टेटची परीक्षा द्यावी लागत नाही, तिथला कायदा मात्र तुम्हाला लागू होतो. हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक तो सोडतात, आणि तक्रार झाली की नेमका तोच अंगावर येतो.

संमतीचं वय घ्या. बाह्यरुग्ण मानसिक उपचारांसाठी पेनसिल्व्हेनियात १४ वर्षांचा मुलगा स्वतः संमती देऊ शकतो, वॉशिंग्टनमध्ये १३ वर्षांचा. इतर अनेक राज्यांत पालकांची सही लागते. आपल्याकडे आईवडील गृहीत धरतात की मुलाच्या सेशनमध्ये काय झालं ते त्यांना कळेलच. वॉशिंग्टनमधल्या १५ वर्षांच्या मुलीबाबत ते गृहीतक कायद्यापुढे टिकेलच असं नाही. पहिल्या भेटीआधीच पालकांना हे स्पष्ट सांगा, नंतर सांगितलं तर विश्वास तुटतो.

क्लायंटने कोणाला इजा करण्याची धमकी दिली तर काय करायचं, यातही राज्याराज्यांत मोठा फरक आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये टॅरासॉफ खटल्यात संभाव्य बळीचं रक्षण करण्याची जबाबदारी उपचारकावर टाकली, आणि बऱ्याच राज्यांनी ती कुठल्या ना कुठल्या रूपात उचलली. टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये अशी जबाबदारी मानायला नकार दिला. तिथला कायदा पोलिसांना किंवा डॉक्टरांना कळवण्याची मुभा देतो. म्हणजे एका राज्यात जे करणं तुमचं कर्तव्य आहे, तेच दुसऱ्या राज्यात गोपनीयतेचा भंग ठरू शकतं. बालकांच्या छळाची तक्रार कोणाकडे आणि किती तासांत करायची, हेही राज्यागणिक वेगळं आहे.

उपाय सोपा आहे. ज्या राज्यातला क्लायंट घेता, त्या राज्यासाठी एक पानाचं टिपण करा: संमतीचं वय, धमकीबाबतचा नियम, बालक आणि वृद्धांच्या छळाची तक्रार करायचा फोन, नोंदी किती वर्षं ठेवायच्या आणि बोर्डाचा पत्ता. चाळीस राज्यांचं करत बसू नका. क्लायंट जिथले येतात, ती पाच-सहा राज्यं पुरतात. नोंदींच्या बाबतीत अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची मार्गदर्शक सूचना शेवटच्या सेशननंतर ७ वर्षं, किंवा मूल सज्ञान झाल्यानंतर ३ वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तिथपर्यंत आहे. राज्याचा नियम यापेक्षा लांब असेल तर तो पाळायचा.

रिसीव्हिंग स्टेट तुमच्यावर कारवाई करून तिथली परवानगी काढून घेऊ शकतं. तेवढ्यावर भागत नाही. कुठल्याही एका सायपॅक्ट राज्यात लायसन्स किंवा एपीआयटीवर निर्बंध आले, की ई-पासपोर्टच रद्द होतो आणि सगळ्या राज्यांतली एपीआयटी एका झटक्यात जाते. टेक्ससमधल्या एका क्लायंटची तक्रार तुमच्या पेनसिल्व्हेनिया आणि जॉर्जियातल्या सगळ्या क्लायंटना भोवू शकते.

प्रत्येक सेशनची पहिली दोन मिनिटं

कॉल लागला की नमस्काराबरोबर तीन प्रश्न विचारा: ‘आत्ता तुम्ही कुठे आहात? नेमका पत्ता काय? फोन तुटला तर कोणत्या नंबरवर लावू?’ उत्तर नोंदीत लिहा, आपली स्वतःची जागाही लिहा. सुरुवातीला क्लायंटला हे विचित्र वाटतं. दोन-तीन सेशननंतर तो स्वतःच सांगू लागतो. टेक्ससचा कॉलेज विद्यार्थी सुट्टीत कॅलिफोर्नियाला घरी गेला असेल, तर ते या प्रश्नांमुळेच कळतं. अशा वेळी सेशन पुढे ढकला आणि का ढकललं तेही नोंदवा. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात बाहेरच्या राज्याचं लायसन्स असलेल्या सायकॉलॉजिस्टला कॅलेंडर वर्षात ३० दिवसांपर्यंत सेवा देण्याची वेगळी तरतूद आहे. तिचा आधार घ्यायचा असेल तर तिथल्या बोर्डाशी आधी बोला आणि दिवसांचा हिशेब ठेवा.

पत्ता विचारण्यामागे लायसन्सपेक्षाही मोठं कारण आहे. क्लायंट आत्महत्येबद्दल बोलतोय आणि तुम्ही न्यू जर्सीतून ९११ लावलात, तर फोन न्यू जर्सीच्या केंद्रात लागतो, अटलांटाच्या नाही. क्लायंटच्या गावातल्या पोलिसांचा किंवा आपत्कालीन केंद्राचा दहा आकडी नंबर पहिल्याच दिवशी शोधून फाइलच्या वर लिहून ठेवा. घरातल्या एका माणसाचा फोन आणि त्याला कळवायची लेखी संमतीही तेव्हाच घ्या.

विमा आणि नूतनीकरण

एपीआयटी म्हणजे विम्याची हमी नाही. तुमची व्यावसायिक दायित्वाची पॉलिसी दुसऱ्या राज्यातल्या व्हिडिओ सेवेला लागू आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. क्लायंटचा आरोग्य विमा कित्येकदा त्याच्या राज्यातल्या नेटवर्कपुरताच पैसे देतो, म्हणून खिशातून किती भरावे लागतील ते क्लायंटला आधीच सांगा. क्लायंट घरून बोलत असेल तर दाव्यावर सेवेच्या जागेचा कोड १०, घराबाहेर इतरत्र असेल तर ०२.

ई-पासपोर्टच्या वार्षिक नूतनीकरणाला मानसशास्त्रातल्या तंत्रज्ञानाच्या वापरावर ३ तासांचं कन्टिन्युइंग एज्युकेशन लागतं. सर्वसाधारण नीतिशास्त्राचा कोर्स इथे चालेलच असं नाही, विषय तंत्रज्ञानाचाच हवा. होम स्टेटचं लायसन्स वेगळ्या तारखेला संपतं आणि ते एक दिवस जरी खंडित झालं तरी एपीआयटीचा पाया जातो, म्हणून कॅलेंडरवर तिन्ही तारखा लावा. दुसऱ्या राज्यात घर हलवताना आधी तिथलं लायसन्स घ्या आणि मग सामान बांधा. उलटं केलंत तर नव्या घरात पोचल्यापासून नवं लायसन्स मिळेपर्यंत सगळी व्हिडिओ प्रॅक्टिस थांबते.

आई नाशिकला परत जाते तेव्हा

अटलांटातल्या आईचं परतीचं तिकीट ठरलेलं असतं. विमान सुटलं की सायपॅक्टही संपतं, करार अमेरिकेबाहेर पोचत नाही. म्हणून तिकिटाची तारीख पहिल्याच सेशनमध्ये विचारा आणि निघण्याच्या निदान सहा आठवडे आधी हस्तांतर सुरू करा. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे होते. ती केंद्रीय नोंदवहीतली नोंद असल्यामुळे नाशिकमध्ये कोणी नसेल तर पुण्या-मुंबईचा नोंदणीकृत माणूसही व्हिडिओवर बघता येतो. आईची लेखी संमती घेऊन दोन पानांचा सारांश पाठवा: लक्षणं कधी सुरू झाली, कशाने फरक पडला, औषधं कोण देतंय, धोक्याची चिन्हं कोणती. जमलं तर ती अटलांटात असतानाच नव्या सायकॉलॉजिस्टचं नाव, फोन आणि पहिल्या भेटीची वेळ ठरवा. आणि मधल्या रिकाम्या आठवड्यांसाठी टेलिमानस या भारत सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिच्या आणि मुलाच्या, दोघांच्या फोनमध्ये साठवून द्या. त्यावर मराठीत बोलता येतं.